अश्वशक्तीचा खोटा दाखला

गेल्या महिन्यात स्कूटर दुरुस्तीला टाकली होती. गॅरेज माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं. सातवीत होता माझ्याकडे, मराठीला. आता स्वतःची दोन पोरं हाताखाली ठेवून आहे. कार्बोरेटर साफ होईपर्यंत बसा म्हणाला, चहा मागवला आणि मोबाईल पुढे केला. "सर, हे बघा. ही कसली शर्यत? इथे तर उघड उघड चीटिंग चाललंय."

व्हिडिओ अमेरिकेतला. सरळ रस्ता, दोन लेन, मध्ये दिव्यांचा खांब. एका लेनमध्ये जुनी लांबलचक स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानाला जागा असलेली घरगुती गाडी. दुसऱ्या लेनमध्ये बसकी, रुंद चाकांची लाल गाडी. वॅगनचा दिवा हिरवा झाला, ती निघाली. लाल गाडी जागेवरच. एक सेकंद, दोन सेकंद गेले, मग तिचा दिवा हिरवा झाला आणि ती बाणासारखी सुटली. शेवटच्या रेषेवर दोघी जवळजवळ बरोबर आल्या. लाल गाडी किंचित पुढे होती. पण जिंकल्याचा दिवा वॅगनच्या लेनमध्ये लागला.

"एकाला आधी सोडलं, ते सोडा," तो म्हणाला, "पण जो पुढे पोचला तोच हरला?"

मला उत्तर येत नव्हतं. मास्तरला उत्तर येत नसलं की तो घरी जाऊन वाचतो. मी पंधरा दिवस वाचत होतो. सुरुवात गाड्यांपासून केली आणि पोचलो भलतीकडेच. म्हणून हा लेख.

या खेळाला ड्रॅग रेस म्हणतात. पाव मैल सरळ धाव, म्हणजे 1,320 फूट, आपल्या मापात 402 मीटर. वळण नाही, फेरी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात पोरं रस्त्यावर आणि कोरड्या तलावांच्या तळावर गाड्या पळवत. पोलिसांना ताप, आईबापांना घोर. 1950 मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. 1951 मध्ये 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिला सगळे एनएचआरए म्हणतात. 1953 मध्ये पोमोना इथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, 1955 मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड गावी पहिली राष्ट्रीय स्पर्धा. पुढे ती फिरत फिरत 1961 मध्ये इंडियानापोलिसला स्थिरावली.

पार्क्स यांना पोरं रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर आणायची होती. पण पोरं येणार कशी? ज्याच्याकडे पैसे आहेत तो मोठं इंजिन बसवणार आणि जिंकणार. ज्याच्याकडे बापाची रोजची गाडी आहे तो एकदा येईल, हरेल, पुन्हा यायचा नाही. म्हणून वर्ग पाडले. शोरूममधून निघाली तशीच ठेवलेली गाडी ती 'स्टॉक', आणि त्या स्टॉकमध्येही ए, बी, सी, डी अशा पायऱ्या.

पायरी ठरवायची कशी? इथे त्यांनी केलं ते अगदी प्राथमिक शाळेतलं गणित. गाडीचं वजन भागिले तिची अश्वशक्ती. एका घोड्याच्या वाट्याला किती पौंड ओझं येतं ते बघा. ओझं कमी तर गाडी वेगवान, वरचा वर्ग. ओझं जास्त तर खालचा वर्ग. आजच्या स्टॉकमध्ये बहुतेक पायऱ्या अर्ध्या अर्ध्या पौंडाच्या आहेत. इतकं बारीक चाळलं म्हणजे सारख्या गाड्या सारख्यांशी पळतील, हा हिशेब.

आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना 'वजन' या शब्दाची गंमत ठाऊक असते. शब्द मूळचा अरबी. उर्दूत शेराच्या वृत्तालाही वजन म्हणतात. ओळ वजनात नसेल तर शेर गेला. मराठीतला तराजूही फारसीतून आलेला. मोजण्याचे कितीतरी शब्द आपण बाजारातून आणले आणि बाजारात जे मोजमाप होतं, तिथे काटा मारणारेही असतातच.

या भागाकारातली वरची संख्या, वजन, ती काट्यावर चढवून पाहता येते. खालची संख्या, अश्वशक्ती, ती कुठून आणायची? प्रत्येक गाडीचं इंजिन काढून तपासणं शक्य नव्हतं. तेव्हा कंपनीने जाहिरातीत छापलेला आकडा धरायचा ठरला. म्हणजे मुलाने स्वतःच आपलं वय सांगायचं आणि शाळेने त्यावरून त्याला चौदा वर्षांखालच्या संघात घ्यायचं!

सुरुवातीला कंपन्यांचं खोटं उलट्या दिशेचं होतं. जाहिरातीत आकडा मोठा दिसला की गाडी खपते. शिवाय त्या काळात इंजिन तपासायचं ते उघडं, बाकीच्या गाडीचं जोखड न लावता. त्यामुळे आकडा आपसूक फुगायचा. (1971-72 च्या सुमारास ही पद्धत बदलून गाडीत बसवलेल्या इंजिनाचा निव्वळ आकडा देऊ लागले, तेव्हा एका रात्रीत सगळ्या गाड्या कागदावर अशक्त झाल्या.) पण 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या ध्यानात आलं की शर्यतीत आकडा लहान असण्यात फायदा आहे. आकडा लहान सांगा, दर घोड्यामागचं ओझं कागदावर वाढेल, गाडी खालच्या वर्गात जाईल आणि तिथल्या गरीब गाड्यांना धुऊन काढेल. त्यात विमा कंपन्या जास्त अश्वशक्तीच्या गाड्यांना जास्त हप्ता लावू लागल्या होत्या. म्हणजे खोटं बोलायला दोन कारणं झाली.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 1968 चं. फोर्डने मस्टँगमध्ये 428 घनइंचाचं 'कोब्रा जेट' इंजिन घातलं आणि कागदावर लिहिलं 335 अश्वशक्ती. जाणकारांच्या मते ती चारशेच्या पुढे होती. त्या वर्षी पोमोनाच्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत अल जोनिएक याने कोब्रा जेट मस्टँग घेऊन सुपर स्टॉकचं विजेतेपद नेलं. फरक किती पडतो ते पाहा. समजा गाडीचं वजन 3,400 पौंड. 335 ने भागलं तर दर घोड्याला 10.15 पौंड. खरी शक्ती 410 धरली तर 8.29 पौंड. अर्ध्या पौंडाच्या पायऱ्यांनी मोजलं तर जवळजवळ चार इयत्तांचा फरक. अकरावीतला मुलगा सातवीच्या वर्गात बसवला, दाखला मात्र सातवीचाच.

फोर्ड एकटी नव्हती. शेव्हर्लेचं 427 घनइंचाचं एल-88 इंजिन कागदावर 430 चं, प्रत्यक्षात पाचशेच्या वर. कमॅरो झेड-28 चं छोटं इंजिन कागदावर 290 चं, त्यावरही कुणी विश्वास ठेवत नसे. क्रायस्लरचं हेमी 425 चं म्हणत. हा 425 इतका सोयीचा आकडा होता की रस्त्यावरच्या हेमीलाही तोच आणि शर्यतीसाठी खास बांधलेल्या हेमीलाही तोच.

एनएचआरएचे लोक काही दूधखुळे नव्हते. त्यांनी कंपनीचा आकडा बाजूला ठेवून आपला आकडा लावायला सुरुवात केली. याला ते 'फॅक्टर' करणं म्हणतात. तुमचं इंजिन कंपनी 335 म्हणते ना? आम्ही अमुक धरणार. ठरवणार कसं? धावपट्टीवरच्या वेळा बघून. इथे तुमच्याही लक्षात आलं असेल. आकडा कामगिरीवरून ठरणार असेल तर कामगिरी लपवणं सुरू होणार.

त्याआधी एका जोडीबद्दल सांगतो, कारण ती मला फार आवडली. 1966 चं साल. पेन्सिल्व्हेनियाचा बिल जेंकिन्स, लोक त्याला 'ग्रम्पी' म्हणजे कुरकुऱ्या म्हणत. त्याची गाडी छोटी शेव्हर्ले, 327 घनइंच, 350 अश्वशक्ती. समोर जेअर स्टाल, त्याच्याकडे भलीमोठी प्लिमथ, 426 घनइंचाचं हेमी, 425 अश्वशक्ती. इंजिनात शंभर घनइंचांचा फरक, म्हणजे दीड लिटरहून जास्त. पण छोटी गाडी हलकी होती, म्हणून भागाकार केल्यावर दोघे एकाच 'ए स्टॉक' वर्गात आले. वर्षभर एकमेकांच्या पाठीवर होते. तुल्साच्या अंतिम स्पर्धेत टॉप स्टॉकचं विजेतेपद स्टालने नेलं, पण जेंकिन्सच्या छोट्या गाडीने भल्याभल्यांना घाम फोडला. त्याच वर्षी विंटरनॅशनल्समध्ये शर्ली शाहन या बाईने टॉप स्टॉक जिंकलं आणि एनएचआरएची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. वजन भागिले शक्ती या साध्या गणिताच्या बाजूने बोलायचं तर हे साल पुरावा म्हणून पुढे करता येईल. थोरल्या इंजिनाला धाकटं इंजिन भिडलं आणि लोकांना नेमकं तेच बघायचं होतं.

खालच्या वर्गांत तर आणखी मजा होती. ज्युनिअर स्टॉक म्हणत त्याला. 1955 ते 57 च्या जुन्या शेव्हर्ले, त्यातही वॅगन आणि मालवाहू बंद गाड्या. का? मागे वजन जास्त, मागची चाकं जमिनीला घट्ट धरतात, सुटताना घसरत नाहीत. पोरं रात्र रात्र कंपन्यांचे जुने कॅटलॉग चाळत. कुठल्या साली, कुठल्या मॉडेलला, कुठल्या इंजिनाचा आकडा कंपनीने चुकून कमी छापलाय? कुठली गाडी पायरीच्या अगदी काठावर बसते? इंजिन बांधणं हे अर्धंच कौशल्य होतं. उरलेलं अर्धं कागद वाचण्याचं. नियमपुस्तक बारकाईने वाचणाऱ्याबद्दल आपल्याकडे जरा संशयाने बोलतात. मला ती पोरं हुशार वाटली. त्यांनी कुणाला फसवलं नाही, चूक कंपनीच्या कारकुनाची होती.

आणि नियमही असा गमतीशीर की कॅमशाफ्टने झडप किती उचलायची ते कंपनीच्या मापाप्रमाणेच, पण ती किती वेळ उघडी ठेवायची याची मोकळीक. त्यामुळे ज्या इंजिनाला कंपनीने मुळातच झडपेची उचल जास्त दिली होती, त्याच्या दडलेल्या शक्तीला वाव मिळाला. दुसऱ्या इंजिनाचा छापील आकडा तेवढाच असेल, पण त्याला फुलायला जागाच नाही. माझ्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "म्हणजे सर, मार्क सारखे, पण एकाने क्लास लावलेला आणि एकाने नाही." अगदी तेच. आजचा आकडा सारखा असला तरी उद्या कोण किती वाढेल ते त्या आकड्यात नसतं.

आता त्या व्हिडिओकडे. एका वर्गातला विजेता दुसऱ्या वर्गातल्या विजेत्याशी पळवायचा असेल तर काय करायचं? हळू गाडीला आधी सोडायचं. यालाच हँडिकॅप म्हणतात. शब्द इंग्लंडमधल्या एका जुन्या अदलाबदलीच्या खेळातून आला. त्यात टोपीत हात घालून पैज लावत. तिथून तो घोड्यांच्या शर्यतीत आला. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवायचं. एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल राउस या गृहस्थाने वयानुसार वजनाचं कोष्टकच तयार केलं. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर आजही घोडे मानांकनानुसार वजन वाहतात. मी त्या मैदानात कधी गेलो नाही, जायचं कारणही नाही, पण कल्पना तीच.

1963 मध्ये इंडियानापोलिसच्या स्पर्धेत दिव्यांचा तो खांब आला. रंगीत दिव्यांमुळे त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. त्याआधी झेंडा हलवणारा माणूस असे. खांब आल्यावर दोन लेनना वेगवेगळ्या क्षणी हिरवा दिवा देणं सोपं झालं. प्रश्न एवढाच, की कुणाला किती आधी? उत्तर त्यांनी काढलं ते प्रत्येक वर्गाच्या राष्ट्रीय विक्रमाचं. तुमच्या वर्गाचा विक्रम 13.50 सेकंद, माझ्या वर्गाचा 11 सेकंद, तर तुम्हाला अडीच सेकंद आधी सोडायचं.

ऐकायला न्याय्य वाटतं. पण विक्रम मोडला की काय होईल? पुढच्या शर्यतीपासून तुमची सवलत कमी. तुमची एकट्याची नाही, तुमच्या वर्गातल्या सगळ्यांची. म्हणून शेवटच्या रेषेआधी जिंकल्याची खात्री झाली की चालक पाय काढून घेत, ब्रेक दाबत. पूर्ण वेग दाखवायचाच नाही. प्रेक्षकांना दिसायचे ते ब्रेकचे लाल दिवे. जगात दुसरा कुठला खेळ असेल, जिथे विक्रम मोडू नये म्हणून खेळाडू धडपडतो?

या सगळ्याला कंटाळून मोठमोठे चालक बाहेर पडले. आम्हाला सवलत नको, एकाच वेळी सोडा, पहिला पोचेल तो जिंकेल, असं त्यांचं म्हणणं. 1970 पासून प्रो स्टॉक हा वर्ग सुरू झाला आणि त्याची पहिली शर्यत जिंकली ती आपल्या कुरकुऱ्या जेंकिन्सने. पण गंमत बघा, तिथेही दोन वर्षांत भागाकार परत आला. छोट्या इंजिनांना दर घनइंचाला कमी वजनाची सवलत मिळाली आणि 1972 मध्ये जेंकिन्सने छोटी व्हेगा गाडी आणून हंगाम गाजवला. हेमीवाले चिडले, आमच्यावरच ओझं का म्हणाले. दर थोड्या महिन्यांनी वजनाचे नियम बदलत राहिले, कुणी ना कुणी नाराज राहिलं. शेवटी 1982 मध्ये एनएचआरएने भागाकारच टाकून दिला. सगळ्यांना 500 घनइंच, सगळ्यांना 2,350 पौंड. एकदम समान. जेंकिन्सने ज्या कौशल्यावर नाव कमावलं, म्हणजे छोट्या इंजिनाने मोठ्याला गाठणं, त्याला मात्र मग जागा उरली नाही. समान नियम आणि न्याय्य नियम यांत अंतर असतं, हे बीएडच्या पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. मला ते कळलं या 2,350 पौंडांमुळे.

हौशी लोक मात्र स्टॉक आणि सुपर स्टॉकमध्येच राहिले. दिवसभर नोकरी, दुकान, गॅरेज करायचं आणि शनिवार-रविवारी गाडी ट्रेलरवर घालून निघायचं. त्यांच्यासाठी विक्रमाऐवजी 'इंडेक्स' आला. म्हणजे संस्थेने प्रत्येक वर्गाला ठरवून दिलेली एक वेळ. या वर्गाच्या नीट बांधलेल्या गाडीने निदान एवढं करावं, अशी रेषा. तुम्ही या रेषेच्या किती खाली जाता, त्यावर पात्रता फेरीतला तुमचा क्रमांक. बाद फेरीत चालक स्वतःच काचेवर आपली अपेक्षित वेळ लिहितो. तिला डायल-इन म्हणतात. ती इंडेक्सपेक्षा जास्त असून चालत नाही. दोघांच्या डायलमध्ये जो फरक तेवढं आधी सोडायचं. आणि लबाडीला आळा म्हणून, लिहिलेल्या वेळेपेक्षा जलद धावलात तर तुम्ही हरलात. लाल गाडीचं तेच झालं होतं. पुढे पोचली, पण स्वतः लिहिलेल्या वेळेच्या आत पोचली. म्हणजे तिने स्वतःला कमी सांगितलं होतं.

हे कळल्यावर मी आधी खूश झालो. माणूस स्वतःच स्वतःचं माप सांगतो आणि खोटं सांगितलं तर स्वतःच पडतो. यापेक्षा सुंदर इन्साफ कोणता? पण मग इंडेक्सची गरज काय, असं विचारत पुढे वाचलं आणि खुशी ओसरली.

इंडेक्सवर अश्वशक्तीचा आकडा लटकलेला आहे. एनएचआरए सगळ्या धावांची नोंद ठेवते आणि एखादं इंजिन इंडेक्सच्या फार खाली, ठरलेल्या मर्यादेपलीकडे धावू लागलं की त्याच्या नावावर अश्वशक्ती चढवते. याची एक ठरीव पद्धतच आहे, ऑटोमॅटिक हॉर्सपॉवर फॅक्टरिंग सिस्टिम नावाची. माणसाचा पक्षपात नको, आकडे बोलतील, हा हेतू. आकडा चढला की काय होतं? तुमच्या वर्गाची रेषा दर घोड्याला 10 पौंडांची असेल आणि तुमच्या इंजिनावर 10 घोडे चढले, तर त्याच वर्गात राहायला गाडीत 100 पौंड शिसं भरा. नाहीतर वरच्या वर्गात जा.

यातली मेख अशी, की घोडे चढतात ते गाडीवर नाही, इंजिनाच्या जातीवर. अमुक साल, अमुक मॉडेल, अमुक इंजिन, या जोडीवर. म्हणजे एकाच्या हातून थंड सकाळी, चांगल्या हवेत एक झकास धाव गेली, तर देशभरात तेच इंजिन बाळगणाऱ्या सगळ्यांवर ओझं. त्यांतला एखादा निवृत्त माणूस असेल, साध्या टायरवर धावणारा, इंडेक्सच्या जेमतेम आत येणारा. त्याने काय केलं होतं? आणि उलट, ज्याचं इंजिन इतकं दुर्मीळ की देशात तोच एकटा ते पळवतो, तो आपला आकडा सांभाळत निवांत बसू शकतो. कारण बिघडवणारा दुसरा कुणी नाही.

म्हणून पुन्हा तेच. हजार फुटांवर पाय काढायचा. आपला मित्र जोरात गेला तर शर्यतीनंतर त्याच्याशी अबोला धरायचा. पूर्वी विक्रम लपवायचे, आता घोडे वाचवायचे. पन्नास वर्षांत यंत्रणा माणसाच्या अंदाजावरून संगणकावर गेली, ब्रेकचे दिवे तसेच लागत राहिले.

2008 नंतर कंपन्यांनी जुना खेळ नव्याने मांडला. फोर्डने 1968 च्या आठवणीसाठी 50 कोब्रा जेट मस्टँग बांधल्या, पाठोपाठ डॉजच्या चॅलेंजर आल्या, 2012 मध्ये शेव्हर्लेने 69 कोपो कमॅरो काढल्या. सगळ्या थेट धावपट्टीसाठी बांधलेल्या. नव्या इंजिनांचे कागदावरचे आकडे पुन्हा नम्र. चाळीस वर्षं घासूनपुसून आपली गाडी जपणाऱ्यांच्या शेजारी या उभ्या राहिल्या. आकडे वाढवूनही भागेना, तेव्हा त्यांच्यासाठी निराळे 'फॅक्टरी स्टॉक' वर्ग काढावे लागले. 1968 च्या हेमी डार्ट आणि बाराकुडा गाड्यांचं याआधी असंच झालं होतं, त्यांनाही सुपर स्टॉकमध्ये स्वतंत्र खोली दिलेली आहे.

एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. कोलोराडोत डेन्व्हरजवळ बँडिमिअर नावाची धावपट्टी होती, 2023 पर्यंत चालू होती. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 5,800 फूट. हवा विरळ, इंजिनाला दम कमी. तिथे इंडेक्स सैल करून देत. तू कुठे श्वास घेतोस ते बघून तुझी रेषा ठरवू, असा नियम. आमच्या जिल्ह्यात डोंगरावरच्या वस्तीशाळेला आणि शहरातल्या शाळेला एकाच प्रश्नपत्रिकेवर एकच टक्का मागतात, तेव्हा मला आता ती 5,800 फुटांची उंची आठवते.

शाळेचा विषय निघालाच आहे तर एक कबूल करून टाकतो. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग वर्षभर शिकवायचं, मग संकलित चाचण्या. सुरुवातीपासून मुलं किती पुढे सरकली ते बघायचं. कल्पना चांगली होती. सगळ्यांना एका रेषेत न बसवता प्रत्येकाची वाढ मोजायची, यापेक्षा न्याय्य काय असणार? पण पेपर तपासणारे आम्हीच. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी हळूच म्हणाले, "आत्ताच जास्त देऊन टाकलेत तर पुढे प्रगती कुठून दाखवणार?" कुणी हुकूम केला नव्हता. कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. मी लाल पेन घेतलं आणि जिथे अर्धा गुण द्यावा की नको असं वाटलं, तिथे दिला नाही. काना-मात्रेला एरवी सोडतो, त्या वर्षी कापलं. वर्षाअखेर माझ्या वर्गाची प्रगती छान दिसली. मी हजार फुटांवर पाय काढला होता आणि गाडी माझी नव्हती, मुलांची होती.

त्या लोकांना मी सहज नावं ठेवू शकत नाही, ते यामुळे. ब्रेक दाबणारा चालक लबाड आहे असं म्हणणं सोपं आहे. पण तो राग कुणावर काढतोय बघा. त्याच्यापुढे संस्थेने मांडलेला सौदा असा, की आज पूर्ण ताकद दाखव आणि उद्या तिचा दंड भर. असा सौदा मांडणारा हुशार की त्यावर सही न करणारा? तरीही, शिसं भरावं लागतं ते त्या निवृत्त माणसालाच, हेही डोळ्यांआड होत नाही. मला या पद्धतीवर एकच दुरुस्ती सुचते. ओझं जातीवर न टाकता ज्या गाडीने वेळ काढली तिच्यावर टाका. यावर उलट युक्तिवादही आहे, की मग मेहनत करून गाडी सुधारणाऱ्यालाच शिक्षा, आणि तो खोटा नाही. कुणाचं कौशल्य किती आणि इंजिनाची देणगी किती, हे वेगळं करून दाखवणारा काटा अजून कुणाकडे नाही.

इंडियानापोलिसच्या स्पर्धेत वर्गाच्या अंतर्गत फेऱ्या होतात. तिथे एकाच वर्गाच्या दोन गाड्या, डायल नाही, आधी सोडणं नाही, जलद धावल्याची शिक्षा नाही. हिरवा दिवा दोघांना एकदम. वर्षभर झाकून ठेवलेलं तिथे बाहेर काढतात, म्हणून जुने लोक इतर ट्रॉफींपेक्षा त्या वर्गविजयाला जास्त मानतात. बाद फेरीतही एकाच वर्गाचे दोघे समोर आले तर हाच नियम.

स्कूटर आणायला गेलो तेव्हा हे सगळं त्या मुलाला सांगितलं. स्कूटरच्या प्लगला लागलेली काजळी पुसत तो ऐकत होता. दोन वेळा कॅमशाफ्टचं पुन्हा विचारलं. त्याचं त्याला बरोबर समजलं, मला समजायला चार दिवस लागले होते. मग मी चाचणीचंही सांगितलं. सांगायचं ठरवून गेलो नव्हतो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, 2015 ला सातवीत मीच होतो ना?"

"होतास."

"मला किती दिले होते?"

मला आकडा आठवत होता. शुद्धलेखनात त्याचे चार गुण मी कापले होते, त्यातले दोन तरी द्यायला हवे होते. मी तसंच सांगितलं. त्याने प्लग बसवला, किक मारली, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला आणि स्क्रू पाव फेरा मागे घेतला.

"दीडशे झाले सर," तो म्हणाला. मी दोनशेची नोट दिली, त्याने पन्नास परत केले.